पकडलं त्यांनी, सांभाळायचं आम्ही का?

आज दुपारी एका महाविद्यालयात वादविवाद स्पर्धेला परीक्षक म्हणून गेले होते. घरी आल्यापासून डोकं शांत होत नाहीये, म्हणून लिहायला बसले. लांबेल. ज्यांना आत्ता वेळ नाही त्यांनी सवडीने वाचा, पण वाचा.

विषय होता, 'एका देशाने युद्धात पकडलेले बंदी त्याच्या मित्रराष्ट्रांनी आपल्याकडे वसवावेत का?' पोरांनी तयारी मनापासून केली होती. ग्वांतानामो हा क्युबामधला अमेरिकेचा लष्करी तुरुंग, तिथले बंदी घेणारे पलाऊ, उरुग्वे हे छोटे देश, ही नावं आपल्याकडची मुलं इतक्या सहज घेतात हे ऐकून बरं वाटलं. मग एक मुलगा उठला. खणखणीत आवाज. "पकडलं त्यांनी, सांभाळायचं आम्ही का? देश म्हणजे काय धर्मशाळा आहे?" टाळ्यांचा कडकडाट, मागून शिट्ट्या. त्याच्यानंतर विषयाच्या बाजूने बोलायला एक मुलगी आली. तिचे मुद्दे भक्कम होते, पण तिला धड बोलूच दिलं नाही. "मग तुझ्या घरी ठेव ना!" असं कोणीतरी ओरडलं आणि सगळं सभागृह हसलं. प्राध्यापकसुद्धा.

मी माझे सगळ्यात जास्त गुण त्या मुलीला दिले. बक्षीस अर्थात त्या मुलालाच मिळालं.

पण "तुझ्या घरी ठेव ना" हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण आमच्या घरी ठेवला होता.

अमळनेर तालुक्यात, बोरीच्या काठाला आमचं गाव. मी चौथी-पाचवीत असेन. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली. वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या सालदाराचं साल आखाजीला सरतं आणि नवं साल आखाजीलाच ठरतं, हे तुम्हाला सांगायला नको. शेजारच्या गावात एका मोठ्या शेतकऱ्याच्या खळ्यातून सरकीच्या गोण्या गेल्या होत्या. मालकाने सरळ आपल्या सालदाराचं नाव सांगितलं. पोलिसांनी नेलं, मारलं, बरेच महिने आत ठेवलं. शेवटी कोर्टाने सोडून दिलं, कारण पुरावा काहीच नव्हता. गोण्या कोणी नेल्या तेही पुढे सगळ्यांना कळलं. पण सुटून आला तेव्हा त्याच्या गावात त्याला साल द्यायला एक माणूस तयार होईना. संध्याकाळी तो आमच्या ओट्याखाली येऊन उभा राहिला. चपला हातात. ओट्यावर बसलेली चार शहाणी माणसं वडिलांना म्हणाली, ज्याने आत घातलं त्याने सांभाळावं, तुम्ही का हे लोढणं गळ्यात अडकवून घेता? माय चुलीपुढून उठून दारात आली. म्हणाली, "मंग त्याना गुन्हा काय शे?" कोणी काही बोललं नाही. मग तिने त्यालाच सांगितलं, "जेवाले बस, भाऊ."

तर आता त्या सभागृहातल्या टाळ्यांबद्दल.

ग्वांतानामोच्या तुरुंगात २००२ पासून सुमारे ७८० माणसं येऊन गेली. त्यात २२ उईघुर, म्हणजे चीनच्या शिनजियांग प्रांतातले मुसलमान, होते. चीनमधल्या जाचाला कंटाळून घर सोडलेली माणसं. २००१च्या शेवटी अफगाणिस्तानात अमेरिकेचे बॉम्ब पडायला लागले तेव्हा त्यातले बरेच जण डोंगर ओलांडून पाकिस्तानात पळाले. तिथल्या गावकऱ्यांनी त्यांना आधी जेवू घातलं आणि मग बक्षिसासाठी धरून दिलं. माणशी पाच हजार डॉलर. जेवू घालून विकलं! हे वाचलं तेव्हा मला रात्रभर झोप लागली नव्हती.

पुढे अमेरिकेनेच कबूल केलं की हे काही आपले शत्रू नाहीत. ऑक्टोबर २००८मध्ये वॉशिंग्टनचे न्यायाधीश रिकार्डो उर्बिना यांनी आत उरलेल्या १७ जणांना अमेरिकेत आणून मोकळं करा असा हुकूम दिला. फेब्रुवारी २००९मध्ये वरच्या कोर्टाने तो फिरवला. मग अमेरिकेच्या संसदेने ग्वांतानामोचा माणूस आपल्या भूमीवर आणून सोडायचा रस्ताच बंद करून टाकला. चीनमध्ये परत पाठवावं तर तिथे छळ ठरलेला. म्हणजे निर्दोष ठरलेली माणसं, आणि त्यांना पाय ठेवायला पृथ्वीवर जागा नाही. ज्या देशाने हे केलं त्या देशाला आपल्या एवढ्या मोठ्या भूमीवर १७ माणसं नकोत! संताप येतो मला. त्या मुलाचा अर्धा राग बरोबर आहे, तो राग माझाही आहे. पण रागाचा धनी कोण आणि भोगणार कोण?

पाच जणांना २००६मध्ये अल्बानियाने घेतलं. २००९मध्ये बर्म्युडाने चार, पलाऊने सहा. पलाऊची अख्खी लोकसंख्या वीस हजारांच्या आसपास, आपल्या अमळनेर शहराच्या चौथ्या हिश्श्याएवढीही नाही. चीन डोळे वटारत होता, तरी घेतलं.

आणि ते दोन भाऊ. धाकटा घर सोडून गेला होता, थोरला त्याला शोधून परत आणायला निघाला आणि दोघंही पकडले गेले. आत थोरल्याचं मन ढासळलं. पलाऊने धाकट्याला या म्हटलं, थोरल्याला नाही, कारण अशा रुग्णावर उपचार करायची तिथे सोय नव्हती. धाकट्याने नकार दिला. सुटका समोर असताना भावासाठी ग्वांतानामोत राहिला. शेवटी २०१०मध्ये स्वित्झर्लंडच्या जुरा प्रांताने दोघांनाही घेतलं. त्या मुलीच्या भाषणात हे सगळं होतं. शिट्ट्यांमध्ये तिचा आवाज बुडाला आणि हे कोणाच्या कानापर्यंत पोचलंच नाही. ज्यांना भाऊ आहे त्यांनी एकदा स्वतःला त्या जागी ठेवून बघा. मी आणखी काही बोलत नाही.

शेवटचे तिघे डिसेंबर २०१३मध्ये स्लोव्हाकियाला गेले. अकरा-बारा वर्षं कुठल्याही गुन्ह्याशिवाय.

मान्य, ग्वांतानामोतून सुटलेले काही जण पुन्हा लढायला गेले. गेले. म्हणून जे गेले नाहीत त्यांना जन्मभर आत ठेवायचं का?

"तुरुंगात होता म्हणजे काहीतरी केलंच असेल" हे वाक्य निदान आपल्या जिल्ह्यांत तरी कोणी बोलू नये. १९३२मध्ये विनोबा धुळ्याच्या तुरुंगात बंदी म्हणून गीतेवर प्रवचनं देत होते आणि साने गुरुजी, दुसरे बंदी, ती लिहून घेत होते. आपण त्या गुरुजींच्या गावची माणसं. सरकारने आत टाकलं म्हणजे माणूस वाईट, हा हिशेब आपण कधीपासून मानायला लागलो?

उरुग्वेच्या होसे मुहिका यांनी तो मानला नाही. स्वतः तेरा-चौदा वर्षं तुरुंग भोगलेला माणूस, त्यातली बहुतेक लष्करी राजवटीत, कितीतरी काळ एकांतात. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर डिसेंबर २०१४मध्ये त्यांनी ग्वांतानामोतल्या सहा जणांना निर्वासित म्हणून आपल्या देशात आणलं. पुढे त्यातल्या काहींनी अमेरिकेच्या वकिलातीसमोर तंबू ठोकले, आम्हाला इथे नीट जगता येत नाही, ज्यांनी पकडलं त्यांनी भरपाई करावी म्हणून. यावरून "बघा, उपकार कळत नाहीत" असं लोक म्हणाले. आजही तो मुलगा हेच म्हणाला.

मला मात्र आमचा सालदार आठवतो. आमच्याकडे आल्यापासून रोज संध्याकाळी घरी जाण्याआधी तो मायसमोर उभा राहायचा. टोपी काढून झटकायचा. बंडीचे खिसे उलटे करायचा, आतलं कापड बाहेर लोंबायचं. धोतराचा सोगा सोडून दाखवायचा. "देखी ल्या, माय." कोणी मागितलं नव्हतं. माय तोंड फिरवून म्हणायची, "आसं करू नको रे." तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आम्ही मुलं ओट्यावर गोट्या खेळत असायचो, आणि तो खिसे उलटे करायला लागला की खेळ थांबवायचो. कोर्टाने सोडलेला माणूस होता तो. पोटभर जेवत होता, कामाला वाघ होता, आणि तरी सुटलेला नव्हता. अशा माणसाकडून कसल्या उपकाराची जाण मागता? वर्षानुवर्षं बेड्यांत ठेवलेल्या माणसाला परक्या भाषेच्या शहरात एक खोली आणि थोडे पैसे दिले की त्याने हसत राहावं, ही अपेक्षा ठेवणाऱ्यांना मी हात जोडते.

म्हणूनच माझं म्हणणं आहे, घ्यायचं तर पुरतं घ्या. पलाऊने मनाने घेतलं, पण तिथल्या कायद्यात पलाऊच्या वंशाचा नसलेल्याला नागरिकत्वच मिळत नाही. बर्म्युडात गेलेल्यांना गोल्फच्या मैदानावर काम मिळालं, मात्र कितीतरी वर्षं हातात पासपोर्ट नव्हता. ही झाली चांगल्या मनाची ठिकाणं. संयुक्त अरब अमिरातीने पुनर्वसनाचं सांगून माणसं नेली आणि पुन्हा कोठडीत ठेवली. सेनेगलने २०१६मध्ये दोन लिबियन घेतले आणि दोन वर्षांत त्यांना युद्धाने पेटलेल्या लिबियात परत धाडलं. याला वसवणं म्हणायचं?

मधेच एका वर्गमैत्रिणीचा फोन आला. तिला सांगितलं काय लिहितेय ते. म्हणाली, अगं पण खर्च? आणि अमेरिकेचं पाप आपण का धुवायचं? ती वाईट नाही, तिला खरंच पटत नाही.

तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते. आमच्या सालदाराची ठरलेली ज्वारी आणि पैसे जुन्या मालकाकडे अडकले होते. वडिलांनी आधी त्याला घरात घेतलं, नव्या सालाचं ठरवलं, आणि आखाजी झाल्यावर बैलगाडी जुंपून त्या मालकाच्या दारात जाऊन उभे राहिले. भांडले नाहीत, पण हललेही नाहीत. ज्वारीची पोती गाडीत चढल्यावरच परतले. मालक माफीचा एक शब्द बोलला नाही, ती सल वडिलांना शेवटपर्यंत होती. माणूस घेतला म्हणून मालकाचा हिशेब माफ होत नाही. मित्रराष्ट्रांनी हेच करायला हवं. माणसं घ्या आणि खर्च, उपचार, भरपाई सगळं अमेरिकेकडे मागा, उघडपणे मागा. होतं काय, की करार बंद दाराआड होतात, अटी लोकांना कळत नाहीत, आणि ज्याने पकडलं तो हात झटकून मोकळा. इथे माझा त्या मुलाशी काहीच वाद नाही. पण हिशेब मिटेपर्यंत माणसाला ओट्याखाली उभं ठेवा, हे मला मान्य नाही.

आणि धर्मशाळेचं म्हणाल तर महाराष्ट्राला हे नवं नाही. पोलंडच्या माणसांना सोव्हिएत रशियाने पकडून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेलं होतं. पोलंड आणि रशियातल्या १९४१च्या करारानंतर सुटली, तेव्हा त्यांना ना घर ना देश. आपल्याकडे आली. गुजरातेत जामनगरच्या राजांनी, जामसाहेबांनी, बालाचडीला मुलांची सोय केली. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ ते १९४८ जवळपास पाच हजार पोलिश माणसं राहिली. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. पकडलं होतं रशियाने, ठेवून घेतलं कोल्हापूरने. खर्चाचा मोठा भार पोलंडच्या परागंदा सरकारने उचलला, तेही खरं. ऑगस्ट २०२४मध्ये आपले पंतप्रधान वॉर्साला गेले तेव्हा तिथल्या कोल्हापूर स्मारकावर त्यांनी फुलं वाहिली आणि आपल्या सगळ्यांच्या छात्या अभिमानाने फुगल्या. माझीही फुगली. मैत्रीण म्हणाली, "ती बायका-मुलं होती गं." होती. बहुतेक होती. निर्दोष माणूस पुरुष असला, दाढीवाला असला, की तो कमी निर्दोष होतो का?

आपलेही हात स्वच्छ नाहीत, हे लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९६२मध्ये चीनशी युद्ध झालं तेव्हा आसाम, शिलाँग, दार्जिलिंगकडची चिनी वंशाची सुमारे तीन हजार माणसं आपण उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत टाकली. पिढ्यान्पिढ्या इथे राहिलेली माणसं, त्यांची इथे जन्मलेली पोरं. काही वर्षांनी सुटून गेले तर कोणाचं घर, कोणाचं दुकान लिलावात गेलेलं. कितीतरी जण पुढे कॅनडात गेले आणि तिथेच स्थिरावले. आपण पकडलेल्यांना कोणीतरी दार उघडलं. तेव्हा टोरांटोमध्ये कोणी "तुमच्या घरी ठेवा" म्हटलं असतं तर?

जानेवारी २०२५मध्ये ओमानने ११ येमेनींना घेतलं, त्यानंतर ग्वांतानामोत १५ माणसं उरली. त्यातल्या तिघांना सोडायला हरकत नाही असं अमेरिकेनेच ठरवलेलं होतं. त्यातला एक रोहिंग्या, कुठल्याच देशाचा नागरिक नसलेला. त्याला घेणारा देश तोवर वर्षानुवर्षं सापडला नव्हता. आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही, निर्वासितांबद्दलच्या १९५१च्या आंतरराष्ट्रीय करारावर आपली सही नाही. तिबेटींना घेतलं, श्रीलंकेच्या तमिळांना घेतलं, ते त्या त्या सरकारच्या मर्जीने. आधी तो कायदा व्हायला हवा, म्हणजे आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी कागद मिळेल, काम करता येईल, घरच्यांना बोलावता येईल. आणि त्या तिघांना कोणी घ्यावं असं मला विचाराल तर मी माझ्याच देशाचं नाव घेईन. ज्यांना नावं ठेवायची असतील त्यांनी खुशाल ठेवा.