वेटरचा पगार कोणी द्यायचा?

गेल्या वर्षी मे महिन्यात दादा-वहिनी ठाण्याहून आमच्याकडे ह्यूस्टनला आले होते. एका रविवारी आम्ही सगळे आठजण घराजवळच्या मेक्सिकन हॉटेलात जेवायला गेलो. साधंच ठिकाण आहे, एका बाजूला लॉन्ड्री, दुसऱ्या बाजूला टायरचं दुकान. बसल्याबसल्या न मागता टोपलीभर गरम चिप्स आणि वाटीत साल्सा येतो, संपला की पुन्हा येतो, आणि त्याचे पैसे लावत नाहीत. आमच्यातले चौघे शाकाहारी आहेत म्हटल्यावर तिथल्या वेट्रेसने आपणहून सांगितलं की घोटलेले बीन्स डुकराच्या चरबीत परततात आणि भात चिकनच्या पाण्यात शिजतो, तेव्हा तुम्हाला अख्खे काळे बीन्स आणि मक्याच्या टोर्टिया देते. वहिनीला तेवढ्यानेच भरून आलं.

मग बिल आलं. सहापेक्षा जास्त माणसं असली की हे लोक १८ टक्के टिप आधीच जोडतात. दादाने चष्मा वर करून आकडा पुन्हा वाचला आणि म्हणाला, "अगं, हे तर आपल्याकडे हायकोर्टाने बंद केलं!"

खरं आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं होतं की हॉटेलांनी सर्व्हिस चार्ज बिलात परस्पर लावायचा नाही. हॉटेलमालकांच्या संघटना कोर्टात गेल्या, आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. मला तो निकाल पटतो. मेन्यूकार्डावर एक किंमत छापायची आणि शेवटी तिच्यावर दहा टक्के चढवायचे, वर त्या दहा टक्क्यांवरही जीएसटी घ्यायचा, हे सरळ व्यवहाराचं लक्षण नाही. शिवाय त्यातलं वेटरच्या हातात किती पडतं, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नसतो.

पण त्या निकालानंतर आमच्या घरच्या ग्रुपवर जो आनंद चालला होता, तो मला पटला नाही. "टिप द्यायची की नाही, हे आता आपण ठरवणार." मी एकोणीस वर्षं अशा राज्यात राहते आहे, जिथे वेटरचं पोट गिऱ्हाइकाने ठरवायचं, हा कायदाच आहे.

आमच्या टेक्सासमध्ये टिप मिळवणाऱ्या नोकराला मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले तरी चालतात. हा आकडा १९९१ पासून बदललेला नाही. टिप धरून तासाचे ७.२५ डॉलर, म्हणजे किमान वेतन, भरले नाहीत, तर उरलेले मालकाने घालायचे, आणि ७.२५ चा आकडाही २००९ चा आहे. म्हणजे मी ताटाशेजारी ठेवते ते वीस टक्के ही बक्षिसी नाही. तो त्या वेट्रेसचा पगार आहे, आणि तो मी द्यायचा आहे. मी कोण? माझा मूड बरा असेल त्या दिवशी जास्त देणारी, नसेल त्या दिवशी कमी देणारी एक बाई.

शेजारच्या टेबलावर मी हे घडताना पाहिलं आहे. एन्चिलाडा अर्धा तास उशिरा आल्या. चूक स्वयंपाकघराची होती. आमच्या त्याच वेट्रेसने तीनदा माफी मागितली, दोनदा चिप्स भरून आणल्या. त्या कुटुंबाने उठताना दोन डॉलर ठेवले. त्यांचा राग योग्य होता, पण तो ज्याच्यावर पडायला हवा त्याच्यावर पडला नाही.

आणि ८ जुलै २०२४ चं बेरिल वादळ. शहरभर वीज गेली, आमच्याकडे पाच दिवस नव्हती. हॉटेल बंद, म्हणजे तास नाहीत आणि टिपही नाही. उघडल्यावर पहिल्याच दिवशी आम्ही गेलो. ती नेहमीसारखीच टोपली घेऊन आली. तिने त्या दिवसांत भाडं कसं भरलं, हे मी विचारलं नाही. मी दुप्पट टिप ठेवली, पण एखाद्या घरचं भाडं माझ्या मनात त्या दिवशी काय आलं यावर अवलंबून असावं, हे मला कधीच मान्य होणार नाही.

खुद्द मेक्सिकोत टिपेला प्रोपिना म्हणतात. दहा-पंधरा टक्के देण्याची रीत आहे, पण तिथली ग्राहक संस्था प्रोफेको बजावून सांगते की ती सक्तीची नाही. तिथे तुम्ही मागितल्याशिवाय बिल टेबलावर येत नाही, कारण जेवणाऱ्याला उठवणं असभ्य समजतात. इकडे शेवटचा घास तोंडात असतानाच बिल पुढ्यात येतं. वहिनीला ते लागलं. पण टेबल जितक्या लवकर रिकामं होईल तितकी पुढची टिप लवकर, हा हिशेब त्या मुलीने केलेला नाही, तिच्यावर लादलेला आहे.

दुसरा रस्ता याच देशात आहे. कॅलिफोर्नियात वेटरलाही पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं, २०२५ मध्ये तासाला १६.५० डॉलर, आणि टिप त्याच्या वर. टाकोची हॉटेलं तिथेही गल्लोगल्ली आहेत.

म्हणून मी दादाला म्हटलं, सर्व्हिस चार्ज गेला ते चांगलंच झालं, पण तुम्ही अर्ध्यावरच थांबलात. खर्च भागत नसेल तर मालकाने थाळीची किंमत वीस रुपयांनी वाढवावी आणि ती मेन्यूकार्डावर ठळक छापावी. मी देईन. त्यातून वेटरचा पगार दर महिन्याला त्याच्या खात्यात पडावा. गिऱ्हाइकाच्या मर्जीवर त्याला सोडू नका, कारण ती मर्जी आपल्याकडे वेगाने आटते आहे. पूर्वी बडीशेपेच्या वाटीत चिल्लर राहायची. आता फोनवरून बिलाचा आकडा तंतोतंत जातो आणि वाटीत नुसती बडीशेप उरते. उडुपीहून, नेपाळहून, उत्तर प्रदेशातून आलेली, रात्री टेबलं जोडून तिथेच झोपणारी ही मुलं आमच्या ग्रुपवरच्या त्या शंभर-दीडशे मेसेजमध्ये एकदाही आली नव्हती.

दादा ऐकून घेणारा आहे. परत गेल्यावर दोन आठवड्यांनी त्याचा फोन आला. नेहमीच्या हॉटेलात त्याने ओळखीच्या वेटरला विचारलं होतं, "तुला पगार किती मिळतो रे?"

"काय म्हणाला?"

"आधी गल्ल्याकडे बघितलं. मग म्हणाला, साहेब, अजून काही आणू का?"