टॅक्स शून्य, ताप चालू

आमच्या घरात इन्कम टॅक्सच्या तावडीत सापडलेली माणसं दोन, मी आणि नवरा, आणि त्याची काळजी करणारं माणूस एकच, ते म्हणजे माझे सासरे. बाबा जिल्हा परिषदेत अकाउंट्सला होते, रिटायर होऊन आता बरीच वर्षं झाली पण फेब्रुवारी लागला की ते आपोआप परत ड्युटीवर रुजू होतात. कपाटातून निळी फाईल निघते, चष्म्याची दोरी गळ्यात येते, आणि मी ताटात भाजी वाढत असताना भाजी कसली आहे हे न बघता विचारतात, "यंदाचं 80सी झालं का गं?"

80सी म्हणजे ठरावीक ठिकाणी पैसे गुंतवले की तेवढ्या उत्पन्नावरचा टॅक्स वाचवणारं कलम, आणि बाबांचं त्याच्याशी नातं जुनं. त्याच्या आधी कलम 88 होतं, त्यात रिबेट, म्हणजे टॅक्सच्या रकमेतच थेट सूट, कशी मिळायची ते त्यांना अजून तोंडपाठ आहे आणि कुणी विचारलं नाही तरी सांगतात. मग 2005-06 पासून 80सी आलं, एक लाखाची मर्यादा होती, 2014 साली दीड लाख झाली आणि तेव्हापासून तिथेच ठाण मांडून बसलीये. दूध वाढलं, पेट्रोल वाढलं, नातीच्या शाळेची फी तर विचारूच नका, दीड लाख मात्र जागचा हलला नाही. बाबांना याचं काही वाईट वाटत नाही. त्यांच्या मते दीड लाख भरणे हे कर्तव्य आहे, मग ते कशात भरताय हा नंतरचा प्रश्न.

आणि तिथेच सगळी गोची झालेली आहे. कारण आजवर दर मार्चला कशात भरायचं हे ठरवायला आमच्याकडे साधारण दीड दिवस असायचा. एचआरचा मेल यायचा की उद्या संध्याकाळी पाचपर्यंत गुंतवणुकीचं प्रूफ अपलोड करा नाहीतर पगारातून कापू, मग नवरा मामांना फोन करायचा, मामा विमा एजंट, ते अर्ध्या तासात स्कूटरवरून हजर, सही इथे, सही इथे, आणि इथे, झालं. त्या पावतीवर त्या वर्षीचा टॅक्स वाचायचा पण पॉलिसी असायची वीस वर्षांची! घाईघाईत घेतलेल्या अशा पॉलिसी म्हणजे आमच्या कपाटातले ओटीत आलेले ब्लाउजपीस झालेत, वापरता येत नाहीत, टाकवत नाहीत, आणि ब्लाउजपीस निदान पुढे कुणाला तरी देता येतो. एकदा मी शांतपणे बसून त्यातल्या एका पॉलिसीचा हिशोब केला, भरले किती, मिळणार किती, कधी, तर परतावा पाच टक्क्यांच्या आसपास आला. मामांना विचारलं तर म्हणाले, "अगं पण विमा पण आहे ना त्यात." विमा किती? तर वर्षाच्या हप्त्याच्या दहापट. म्हणजे उद्या नवऱ्याचं काही बरंवाईट झालं तर त्या रकमेत घराचे ईएमआय जेमतेम दीड वर्ष निघतील. हे मी नवऱ्याला बोलून दाखवलं तर त्याला राग आला, आकड्याचा नाही, मी हिशोब केला याचा.

शिवाय टॅक्स वाचवायला पॉलिसीखेरीज जी इतर खाती उघडली ती नुसती उघडून भागत नाही, जिवंत ठेवायला लागतात. पीपीएफ या सरकारी भविष्य निर्वाह खात्यात वर्षाला किमान 500 टाका, लेकीच्या सुकन्या खात्यात किमान 250, एनपीएस या पेन्शन योजनेत 1000, नाहीतर खातं बंद पडतं किंवा गोठतं आणि मग दंड भरा, अर्ज करा, उठवा त्याला. पीपीएफचा आणि सुकन्याचा दंड वर्षाला 50 रुपये, त्याचं काही नाही हो, पण ते 50 रुपये भरायला जी रांग लागते ती आयुष्यातून वजा होते. म्हणून बाबांकडे फाईलच्या पहिल्या पानावर यादी आहे, कुणाला कधी किती घालायचे, आणि घातले की लाल पेनाने टिक.

तर या वर्षी असं झालं की माझा टॅक्सच शून्य झाला.

म्हणजे 2025 च्या बजेटमध्ये ते बारा लाखांचं जाहीर झालं ना, नव्या रिजीममध्ये, म्हणजे दर कमी पण बहुतेक सवलती बंद अशा पद्धतीत, बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही आणि नोकरदारांना 75 हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन धरून पावणेतेरा लाखांपर्यंत नाही, त्यात मी आरामात बसते. मी खुशीत बाबांना सांगितलं की यंदा माझं 80सी वगैरे काही नाही, नव्या रिजीममध्ये ते चालतच नाही आणि मला गरजही नाही. बाबांनी चष्मा पुसला. "असं कसं? सूट तर चार लाखांपर्यंतच आहे, मी वाचलंय." मग मी कॅलेंडरचं फेब्रुवारीचं पान फाडलं, तसंही ते संपलंच होतं, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मांडून दाखवलं. चार लाखांपर्यंत काही नाही, चार ते आठवर पाच टक्के म्हणजे 20 हजार, आठ ते बारावर दहा टक्के म्हणजे 40 हजार, झाले 60 हजार, आणि 87ए खाली रिबेट 60 हजार. शिल्लक शून्य.

बाबा त्या कागदाकडे बराच वेळ बघत होते.

"म्हणजे आधी साठ हजार लावायचे?"

"हो."

"आणि मग साठ हजार माफ करायचे."

"हो बाबा."

"मग लावले कशाला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाहीये. सासूबाई आतून म्हणाल्या, "अहो जाऊ द्या ना, माफ केलेत तर घ्या की." पण अकाउंट्सच्या माणसाला माफी नको असते, टॅली हवी असते. त्यांनी तो कागद घडी करून फाईलला लावला आणि थोड्या वेळाने परत आले. मला वाटलं आता सरचार्ज नाहीतर सेस विचारणार. तर नाही. म्हणाले, "बरं टॅक्स शून्य. मग वाचलेले पैसे कुठायत?"

आता हा काय प्रश्न झाला? मी मोबाईलवर स्टेटमेंट उघडलं. कुठायत म्हणजे, असतील ना, इथेच कुठेतरी. दहा मिनिटांत भाजी आणणारं ॲप, सव्वाशे, दोनशे, नव्वद, परत दोनशे. नो कॉस्ट ईएमआयवर घेतलेला एअर फ्रायर. लेकीचा स्केटिंगचा क्लास जिथे ती आता जात नाही पण ऑटो डेबिट इमाने इतबारे जातं. बाबा खांद्यावरून वाचत होते आणि मला वाटलं नव्हतं की "स्वीगी" हा शब्द इतक्या तिरस्काराने उच्चारता येतो. आधी कसं होतं, की सरकार मार्चमध्ये दंडुका घेऊन उभं असायचं म्हणून का होईना दीड लाख बाजूला पडायचे, चुकीच्या ठिकाणी पडायचे पण पडायचे. आता दंडुका गेला आणि दीड लाख पण गेले. हे मी मनात म्हटलं, बाबांसमोर नाही, त्यांना एवढा आनंद एका दिवसात सोसला नसता.

त्यावर त्यांनी जो आदेश काढला तो असा की टॅक्स लागो न लागो, पीपीएफ भरायचं आणि ते सुद्धा मार्चमध्ये नाही, एप्रिलच्या पाच तारखेच्या आत. त्यामागचं कारण मात्र अगदी खरं आहे. पीपीएफचं व्याज महिन्याच्या पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी शिल्लक असेल तिच्यावर मिळतं, म्हणजे सहा तारखेला भरले तर तो महिना गेला. दर एप्रिल 2020 पासून 7.1 टक्के. दीड लाख एप्रिलच्या सुरुवातीला टाकले तर वर्षाचे 10,650 रुपये मिळतात, आणि तेच दीड लाख आमच्यासारखे लोक 30 मार्चला धावत पळत टाकतात तेव्हा त्या वर्षाचं त्या पैशांवर शून्य. "दहा हजार सहाशे पन्नास," बाबा म्हणाले, "नुसत्या आळसाचे. दरवर्षी."

यंदा त्यात कॅलेंडर पण आमच्या वाईटावर. 1 एप्रिलला वार्षिक हिशेबामुळे बँकेचं कामकाज बंद, 3 ला गुड फ्रायडे, आणि 5 तारीख रविवारी. उरले 2 आणि 4. मी म्हटलं बाबा, मी मोबाईलवरून रविवारी घरी बसून भरते. तर म्हणे रविवारी भरलेले सोमवारी जमा दाखवले तर? आणि पासबुकात एंट्री कोण मारणार? त्यामुळे ठरलं असं की 2 तारखेला हनुमान जयंती आहे तर सकाळी मारुतीचं दर्शन घेऊन तसंच बँकेत जायचं. संकटमोचनाची गरज का लागणार ते ज्यांनी पासबुक प्रिंटिंगचं मशीन बघितलंय त्यांना सांगायला नको. आमच्या इथल्या शाखेत ते मशीन आहे आणि त्याच्यावर कायमचा एक कागद चिकटवलेला आहे, मशीन बंद आहे, काउंटरवर चौकशी करा. काउंटरवर चौकशी केली की सांगतात मशीनवर मारून घ्या.

नवऱ्याचं वेगळंच चाललंय. त्याचा पगार माझ्यापेक्षा जास्त, गृहकर्ज जुनं, त्यामुळे तो अजून जुनी रिजीम की नवी हे कॅल्क्युलेटरवर घालून बघतोय, आणि दर वेळी उत्तर वेगळं येतं कारण दर वेळी त्याला एक नवीन पावती सापडते. शिवाय ऑफिसातल्या कुणीतरी त्याच्या डोक्यात टॅक्स हार्वेस्टिंग भरवलं. शेअर आणि इक्विटी फंडातला वर्षाच्या वरचा नफा सव्वा लाखापर्यंत करमुक्त असतो, म्हणून 31 मार्चच्या आत तेवढा नफा विकून काढायचा आणि परत तेच घ्यायचं म्हणजे पुढे त्याच्यावर साडेबारा टक्के लागत नाहीत. चांगलं आहे की, खोटं काही नाही त्यात. त्याने अख्खा शनिवार एक्सेल मांडली, रंग भरले, मला चहा दोनदा करायला लावला, आणि संध्याकाळी कळलं की त्याचा एकूण नफा 11 हजार आहे. बाबा म्हणाले, "काढून घे बाबा पीक, पाऊस पडायच्या आत."

त्यातून परवा मी त्यांना एक बातमी दिली, द्यायला नको होती. म्हटलं 1961 चा इन्कम टॅक्स कायदाच आता जातोय, 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा कायदा लागू, प्रीव्हियस इयर असेसमेंट इयर सगळं जाऊन नुसतं टॅक्स इयर, आणि 80सीचं आता कलम 123 झालंय. बाबा काही बोलले नाहीत. फाईल उघडली, कव्हरवर ठळक अक्षरात 80सी लिहिलेलं होतं त्याच्या खाली 88 खोडलेलं दिसत होतं, त्याच्या शेजारी जागा बघून त्यांनी पेन्सिलने 123 लिहिलं. पेन्सिलने का विचारलं तर म्हणाले, "राहील कशावरून?"

काल मामांचा फोन आला होता, मार्चमध्ये येतोच. मी आधीच सांगून टाकलं की मामा या वेळी स्कूटर काढू नका, मला टॅक्सच नाहीये, मला काही दाखवायचं नाही कुणाला, मला पॉलिसी नको. पलीकडे दोन सेकंद शांतता. मला वाटलं चला, सुटले.

"टॅक्स नाही?" मामा म्हणाले. "अगं मग तर फारच छान. म्हणजे तुझे पैसे मोकळे आहेत. घरी आहेस ना, आलोच मी पंधरा मिनिटांत."