तीनशेने गुणलेला संसार

लवकर निवृत्त व्हायचं गणित चौथीतल्या पोरालाही जमेल. वर्षाचा खर्च गुणिले 25, एवढा पैसा साठला की राजीनामा. म्हणजे महिन्याच्या खर्चाच्या 300 पट. हा तीनशे एकदा डोक्यात शिरला की घरातली एकही वस्तू आपल्या किमतीला राहत नाही. दरमहा शंभर रुपयांची शेंगाचटणी जास्त खाल्ली, तर तिच्यासाठी 30,000 रुपये साठवायचे. उन्हाळ्यात तीन महिने एसी लावून बिल दरमहा 2,500 ने वाढलं, तर वर्षाचे 7,500, गुणिले 25, झाले 1,87,500. मग माणूस मुकाट्यानं कूलर काढतो. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे कूलर भरायचा की बॅरल, यावर नवरा-बायकोची बैठक बसते.

बाकी काटकसर आम्हाला कुणी शिकवू नये. कडक भाकरी आठवडाभर टिकते आणि आमची चादर धुऊन धुऊन माणूस थकतो, ती थकत नाही. घोडं अडतं ते आहेरापाशी. वर्षाला वीस लग्नं, प्रत्येकी 501 रुपये, गुणिले 25: अडीच लाखांच्या वर. त्यातल्या त्यात उपाय म्हणजे आलेला टॉवेल पुढे सरकवणे. फक्त पाकिटावर देणाऱ्याचं नाव पेन्सिलीनं लिहून ठेवावं आणि देण्याआधी खोडावं. नाव लिहिलं नाही तर टॉवेल माहेरी परत जातो, खोडलं नाही तर अख्ख्या भावकीत गाजतो.

हा 25 आला कुठून? विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकन सल्लागारानं 1994 मध्ये तिथल्या शेअर आणि रोख्यांच्या जुन्या आकड्यांवरून हिशोब मांडला: पहिल्या वर्षी साठ्यातले 4 टक्के, म्हणजे पंचविसावा भाग, काढा, पुढे महागाईप्रमाणे वाढवत न्या, पैसा 30 वर्षं पुरेल. आमचा गडी पंचेचाळिशीत सुटणार आणि पंच्याऐंशीपर्यंत चटणी-भाकरी खाणार, म्हणजे 40 वर्षं. महागाई 6 टक्के धरली तर खर्च दर 12 वर्षांनी दुप्पट. आजचे महिन्याचे 40,000 सत्तावन्नाव्या वर्षी 80,000 आणि एकोणसत्तराव्या वर्षी 1,60,000. म्हणून माझ्या मते वर्षाच्या खर्चाच्या 33 पट धरावी. चाळीस हजारांना 1,58,40,000 लागतात, आणि चटणी 39,600 वर जाते.

एवढं साठवूनही पहिली दोन-तीन वर्षं दगा देऊ शकतात. नेमका तेव्हाच बाजार आपटला आणि पडत्या भावात म्युच्युअल फंडाची युनिट विकून किराणा भरला, तर पुढे बाजार चढतो, पण त्याच्यासोबत चढायला आपल्याकडे युनिटच उरलेली नसतात. त्यासाठी तीन वर्षांचा खर्च एफडीत वेगळा ठेवावा. कंपनीचा मेडिक्लेम राजीनाम्याबरोबर जातो. स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच घ्यावी, कारण आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. पीएफची पेन्शन 58 ला. पन्नाशीनंतर आधी मागता येते, पण 58 च्या अलीकडच्या प्रत्येक वर्षाला 4 टक्के कात्री.

एक्सेलमध्ये रकाना नसतो तो गल्लीचा. धडधाकट माणूस सकाळी अकरा वाजता बनियनवर दारात दिसला की पहिला प्रश्न, "काय ओ, नोकरी गेली का?" दुसऱ्या आठवड्यापासून प्रश्न बंद, कामं सुरू. "तुम्ही घरीच असता न्हवं?" म्हणत शेजारच्या काकू गॅसचं पुस्तक देऊन जातात. टँकर आला की हाक यालाच. मुलीच्या बायोडाटात 'वडील: निवृत्त, वय 46' लिहिलं की मुलाकडचे आधी तब्येतीची चौकशी करतात, मग हळूच विचारतात, सस्पेंड वगैरे तर नाही ना. कोटीचा आकडा सांगावा तर उसने मागणारे वाढतात, लपवावा तर स्थळ जातं. मी म्हणतो, सरळ 'शेती व गुंतवणूक' लिहावं. गावाकडे दोन एकर असतील तर खोटंही नाही.

राजीनाम्याआधी सहा महिने ठरवलेल्या खर्चातच जगून पाहावं; उरलेला पगार आला तसा दुसऱ्या खात्यात टाकावा. ही तालीम मार्चमध्ये सुरू करावी. डिसेंबरात गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, तोंडावर सुरू केली तर हवा गार, पंखासुद्धा बंद, आणि आकडे असे गोड दिसतात की माणूस जानेवारीतच साहेबाला पत्र देतो. पारा बेचाळीसच्या पुढे गेल्यावर वीजबिल येतं, तेव्हा खुर्चीवर दुसरा बसलेला असतो.