पहिलं गाणं गाजलं, मग?

नाशिकच्या आमच्या भावंडांच्या ग्रुपवर एक वाद अधूनमधून उकरला जातोच: २००८-०९ च्या 'लिटल चॅम्प्स' या टीव्हीवरच्या मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेतल्या पंचरत्नांचं, म्हणजे शेवटच्या पाच मुलांचं, पुढे काय झालं? "तेव्हाची मजा नाही राव," हा निकालही ठरलेला. पण निकाल देणाऱ्यांना त्यांचं अलीकडचं, स्वतःचं एक गाणं विचारा. सगळे गप्प.

मी ऑकलंडला राहतो. इंग्रजी पॉप गायिका लॉर्ड इथलीच. २०१३ मध्ये तिचं 'रॉयल्स' हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. जून २०१७ मध्ये दुसरा अल्बम आला, 'मेलोड्रामा'. त्यातलं 'ग्रीन लाइट' ऐका. सुरुवातीला जवळजवळ नुसता पियानो आणि आवाज, मग चाल भलत्याच पट्टीत शिरते, ठेका तर आणखी उशिरा. मॅक्स मार्टिनसारख्या हिट गाण्यांच्या कारागिराने 'हे नियमात बसत नाही' अशा अर्थाचा शेरा मारला होता, हे तिनेच सांगितलंय. तिने गाणं तसंच ठेवलं. अमेरिकेत ते १९व्या क्रमांकापुढे सरकलं नाही. 'रॉयल्स' नऊ आठवडे अव्वल होतं! तरी समीक्षकांनी अल्बम डोक्यावर घेतला, कारण त्यांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला: एका पार्टीची रात्र, मोडलेलं प्रेम, एकटेपण.

तिकडे सगळं आलबेल आहे असंही नाही. २०१८ च्या ग्रॅमीत, म्हणजे अमेरिकेतल्या संगीत पुरस्कारांत, सर्वोत्कृष्ट अल्बमच्या पाच नामांकनांत ती एकटीच बाई होती. पुरस्कार ब्रूनो मार्सला गेला, आणि सोहळ्यात ती गायलीच नाही. त्यावरून वादही झाला.

आपल्याकडे लहान मुलाला मोठ्यातली मोठी शाबासकी काय, तर "अगदी लताबाईंसारखं!" स्पर्धेपुरतं ठीक आहे. पण तोच कान घेऊन आपण त्याच्या पंचविशीतही बसतो, आणि नवं काही कानावर पडलं की व्ह्यूज मोजतो.

मावसभाऊ म्हणतो, बाजारच नाही तर समीक्षा कुणासाठी? अल्बम संपले, आता यूट्यूबवर सुटी गाणी, हे त्याचं खरं. पण न्यूझीलंडची वस्ती जेमतेम ५० लाख, पुणे जिल्ह्याहून कितीतरी कमी. इथलं संगीत तगावं म्हणून 'न्यूझीलंड ऑन एअर' सरकारी पैसा देते. आपल्याकडे अनुदान राहू दे. पुरवणीत सिनेमांना तारे वाटून झाले की एका मराठी गायिकेच्या चार नव्या गाण्यांवर अर्धा रकाना लिहायला कुणाची परवानगी लागते?