कॅमशाफ्ट, टॅपेट आणि आईचं आप्पेपात्र

कॅमशाफ्ट म्हणजे काय, तर एक हातभर दांडा, त्यावर व्हॉल्व्ह उघडणारे आठ फुगवटे, आणि तो इंजिनच्या ब्लॉकच्या पोटात समोरून आत सरकवायचा. बस्स. यूट्यूबवर एक गोरा म्हातारा हे काम अकरा मिनिटात करतो, मधे चहापण पितो. मला सतरा दिवस लागले.

गाडी आजोबांची, १९७६ ची अँबेसेडर मार्क थ्री. आजोबांच्या मागं आण्णांनी चालवली, मग ती पेट्रोलपेक्षा ऑइल जास्त प्यायला लागली आणि आण्णांनी तिचं नाव घ्यायचं सोडलं. अंगणात ताडपत्री घालून उभी होती. २०१४ साली अँबेसेडर बनायची बंद झाली आणि त्याच वर्षी बेळगावचं सरकारी कागदावर बेळगावी झालं, दोन्हीबद्दल आमच्या घरात अजून एकमत नाही. मी इंजिन खोलणार म्हटल्यावर आण्णा पेपरातून वर न बघता एवढंच म्हणाले, "खोलायला काय, कोणपण खोलतंय."

इंजिन १४८९ सीसीचं, मूळचं इंग्लंडच्या मॉरिस घराण्यातलं, त्यामुळं सगळे नट इंची मापाचे. माझा नवाकोरा मिलिमीटरचा पाना सेट पहिल्याच संध्याकाळी परत डब्यात गेला. ब्लॉक उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वस्तीत, देऊन बोअर करून आणला, कॅमचे तीन बुश, म्हणजे तो दांडा ज्यात फिरतो त्या कड्या, नवे बसवून घेतले. देताना तिथला पोरगा म्हणाला, "निधान हाकरी सर, हळू घाला, बुश मऊ असतंय, ओरखडा पडला की कामच संपलं."

त्यानं ते सांगायला नको होतं. कारण त्यानंतर तो दांडा हातात धरला की माझा हात थरथरायचा. फुगवट्यांच्या कडा बुशांच्या तोंडातून न घासता न्यायच्या, दांडा सरळ धरायचा, हळूहळू फिरवत फिरवत आत ढकलायचा, आणि ऑइल इतकं चोपडलेलं की पकडायला जावं तर मासळीसारखा निसटतोय. बायकोला टॉर्च धरायला बसवलं. ती टॉर्च माझ्या तोंडावर मारून विचारते, "अहो, नवी गाडी घ्यायला किती लागले असते?" अशा वेळी उत्तर द्यायचं नसतं. पाऊण तासानं शेवटचा बुश पार झाला आणि दांडा एका बोटानं गरागरा फिरला तेव्हा मला खरंच भरून आलं.

आता टॅपेट. हे आठ छोटे पेले, प्रत्येक आपापल्या फुगवट्यावर बसून वर्षानुवर्षं घासून त्याच्याच मापाचा झालेला असतो, त्यामुळं काढताना नंबरवारी ठेवायचे आणि ज्याचा त्याच भोकात परत घालायचा. अदलाबदल केली तर दोघंही एकमेकाला खातात, भाऊबंदकीसारखं. म्हणून मी काढतानाच ते आईच्या जुन्या बीडाच्या आप्पेपात्रात एक ते आठ ओळीनं मांडून माळ्यावर ठेवलेले. बारा खळग्यांचं, जागा मुबलक, हुशारी म्हणजे काय.

माळ्यावर गेलो तर आप्पेपात्र नाही. खाली स्वयंपाकघरात आप्प्यांचा वास.

"आई, त्यातले टॅपेट?"

"ते पेले व्हय? राखेनं घासून, पुसून ठेवलेत की त्या वाटीत. किती मळ होता रे त्यांना."

स्टीलच्या वाटीत आठही टॅपेट चांदीसारखे चमकत होते, कुठला कुणाचा ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. शेवटी कोल्हापुरातून आठ नवे मागवले, जुन्या कॅमवर कोरे टॅपेट चालतात, दुसऱ्याचे वापरलेले चालत नाहीत. आप्प्यांना मात्र ऑइलचा बारीक वास होता आणि ते सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्ले.

टायमिंग चेन, म्हणजे कॅमला फिरवणारी साखळी, सोपी. दोन चक्रांवर दोन ठिपके, ते समोरासमोर आणून चेन चढवायची. खरा छळ डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्लगना पाळीपाळीनं ठिणगी वाटणाऱ्या डब्याच्या, दांडीचा. तिच्या डोक्यात अडीच सुती बोल्ट आवळून तिला भोकात सोडायची, खरं तिचे दात तिरके, त्यामुळं कॅमला भिडताना ती स्वतःहून गोल फिरते. तुम्ही दोन वाजता दाखवून सोडा, ती बसणार साडेबाराला. तीन संध्याकाळी गेल्या. चौथ्या दिवशी अगदी पाहिजे तिथं बसली आणि मी अख्ख्या गल्लीला सांगितलं की रविवारी गाडी चालू.

रविवारी गल्ली जमली. स्टार्टर मारला. घर्रर्र... आणि कार्ब्युरेटरमधून फट्ट! परत मारला, परत फट्ट, यावेळी जाळासकट. शेजारचे काका म्हणाले, दिवाळीला अवकाश आहे की अजून.

शेवटी मिस्त्रीमामांना बोलावलं. हयातभर अँबेसेडरच खोलत आलेला माणूस. त्यांनी कशालाही हात लावला नाही, फक्त विचारलं, "एक नंबरचा पिस्टन कुठं ठेवून दांडी सोडलास?"

"टॉपला, मामा. बरोब्बर टॉपला."

"टॉपलाच रे, खरं कुठल्या टॉपला?"

मी गप्प. कॅम एकदा फिरतो तोवर क्रँक, म्हणजे पिस्टनना जोडलेला मोठा दांडा, दोनदा फिरतो, म्हणजे पिस्टन दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला, म्हणजे हवा-पेट्रोल दाबायला, आणि एकदा धूर बाहेर टाकायला. हे मला पाठ होतं, यावर मी बायकोला अर्धा तास लेक्चरही दिलेलं. मामांनी एक नंबरचा प्लग काढला, भोकात पेपरचा बोळा कोंबला, मला हँडल फिरवायला लावलं. बोळा टप्पकन उडून काकांच्या पायाशी पडला. "हा टॉप," मामा म्हणाले, "तुझी ठिणगी दुसऱ्या टॉपला पडायल्या." मग त्यांनी वायरी उपसल्या, एकाची चाराला, दोनाची तीनाला, आणि उलटं. चार वायरी, दोन मिनिटं. माझ्या तीन संध्याकाळच्या दांडीला त्यांनी बोटही लावलं नाही.

अर्ध्या फेरीत इंजिन धरलं. काय तो आवाज! गल्लीनं टाळ्या वाजवल्या, आईनं बॉनेटला हळदकुंकू लावलं, बायकोनं कुंदा वाटला. आवाज ऐकून आण्णा बाहेर आले. कितीतरी वर्षांनी ते तिच्याजवळ गेले, मडगार्डवर हात ठेवून मान तिरकी करून मिनिटभर ऐकत उभे राहिले.

"टॅपेट वाजायलेत," म्हणाले, आणि पेपर घेऊन आत गेले.