कोंब फुटलेल्या सोयाबीनचं काय करायचं?

सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीनंतर लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातून दादाचा फोन आला. "शेंगांतच कोंब फुटलेत. व्यापारी हात लावंना." सोयाबीनमध्ये 12 टक्क्यांपेक्षा जास्त ओल असली की भाव पडतो, काळवंडलेल्या, उगवलेल्या दाण्याला तर गिऱ्हाईकच नसतं.

मी डेन्मार्कमध्ये ऑर्हूसला राहतो. ऑर्हूस विद्यापीठाच्या फौलुमच्या प्रायोगिक संयंत्रात सांडपाण्याचा गाळ न वाळवता त्याचं तेल करतात. साधारण 350 अंश सेल्सिअस तापमान आणि हवेच्या सुमारे दोनशे पट दाब. एवढ्या दाबाखाली पाण्याची वाफ होत नाही, आणि असं पाणी एरवी त्यात न विरघळणारे पदार्थही विरघळवतं. काही मिनिटांत काळं, दाट, कच्च्या खनिज तेलासारखं तेल तयार होतं. ते नुसत्या स्निग्धांशाचं नसतं, प्रथिनं आणि पिष्टही त्यात उतरतात. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम 20 टक्के, प्रथिनं मात्र 40 च्या आसपास. त्यामुळे घाण्याला नको असलेलं ओलं बी इथे चालू शकेल.

गावाकडे इंधनाचा विषय निघाला की वाद इथेनॉलचा, म्हणजे उसाचा. 2016 मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथे इंधनासाठी ऊस वाढवणं मला पटत नाही. मोगली एरंडाचा, म्हणजे ज्याच्या बियांतून डिझेल काढायचं होतं त्या जट्रोफाचा, अनुभवही ताजा आहे. केंद्राच्या 2009 च्या धोरणात 2017 पर्यंत पेट्रोल-डिझेलमध्ये 20 टक्के जैवइंधन मिसळायचं ठरलं होतं. पडीक रानात झाड जगलं, पण बी पुरेसं धरलं नाही. म्हणून इंधनासाठी नवं काहीच पेरू नका, असं माझं ठाम मत आहे. जे सडतंय तेवढंच घ्या.

अडचणी आहेत, आणि त्या मोठ्या आहेत. प्रथिनांतला नायट्रोजन तेलात येतो, तो काढायला हायड्रोजन लागतो. उरलेलं पाणी तसंच नाल्यात सोडता येत नाही. शिवाय डेन्मार्कात गाळ रोज येतो, आमचं भिजलेलं सोयाबीन एखाद्या वर्षी, तेही महिनाभर, आणि ढिगात ते लगेच तापून बुरशी धरतं. उरलेले महिने पऱ्हाटी, तुराटी, करंजाची पेंड यांवर संयंत्र चालवावं लागेल. परभणीच्या कृषी विद्यापीठानं आपल्याच भिजलेल्या दाण्यावर ही चाचणी घ्यावी आणि किलोमागे किती तेल निघतं ते जाहीर करावं.

दादाला हे सगळं सांगितलं. त्यानं एवढंच विचारलं, "किलोला काय देतील?" तो आकडा काढणीच्या आधी ठरायला हवा. ढीग कुजल्यावर ठरला तर दादाच्या काही कामाचा नाही.