‘करलं’ कुठून आलं?

बाळ भाषा कशी शिकते यावरील माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. आपले आक्षेप दोन आहेत. कोणत्या ध्वनीनंतर कोणता ध्वनी किती वेळा येतो याचा हिशेब ठेवूनच बाळ भाषा शिकते असे लिहून, भाषेची शक्ती माणसात उपजतच असते असे मानणारे भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्की यांना मी फार स्वस्तात निकालात काढले, हा पहिला; आणि घरात सगळे ‘केलं’ म्हणत असताना आपला भाचा ‘मी करलं’ म्हणतो, ते त्याने ऐकले तरी कोणाकडून, हा दुसरा. पहिला मला बव्हंशी मान्य आहे, दुसरा नाही.

मी विसंबलो होतो तो प्रयोग सॅफ्रन, ॲस्लिन आणि न्यूपोर्ट या संशोधकांचा, १९९६ सालचा. आठ महिन्यांच्या बाळांना ‘बिडाकु’, ‘पाडोटी’ यांसारखे चार निरर्थक शब्द, मध्ये कोठेही न थांबता, सपाट आवाजात दोन मिनिटे ऐकवले गेले. ‘बि’नंतर ‘डा’ हमखास येई, पण ‘कु’नंतर उरलेल्या तिघांपैकी कोणताही शब्द सुरू होऊ शके, एवढ्याच फरकावरून बाळांना शब्दांच्या सीमा उमगल्या. मात्र ध्वनिप्रवाहातून शब्द सुटे करणे आणि वाक्य रचणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि एकाचा पुरावा मी दुसऱ्याच्या खात्यावर जमा केला, ही चूक माझीच. त्यातच, अशा प्रवाहातले शब्द कॉटन-टॉप तमारिन माकडांनाही ओळखता येतात, असे २००१ मध्ये दिसून आले. ती माकडे काही बोलू लागलेली नाहीत. तेव्हा नुसता हिशेब पुरत नाही, हे आपले म्हणणे बरोबर आहे.

आता ‘करलं’. हा शब्द भाच्याने ऐकलेला नसेल, परंतु ‘धरलं’, ‘भरलं’, ‘चिरलं’, ‘मारलं’ हे तर त्याच्या कानावर सतत पडत असणार. ‘धर’चे ‘धरलं’ आणि ‘भर’चे ‘भरलं’ होत असेल, तर ‘कर’चे ‘करलं’ का होऊ नये? (मराठीनेच ‘केलं’ आणि ‘मेलं’ असे आडवळण घेतले, त्याला तो काय करणार!) या चुकीवरून त्याने साचा ओळखला एवढे कळते, साचा ओळखण्याची ती शक्ती खास भाषेसाठी उपजत आहे, की इतर सर्वच गोष्टी शिकताना तीच कामी येते, हे मात्र त्यातून ठरत नाही.

आपल्या बाजूने याहून बळकट उदाहरण आहे. ‘मी पोळी डब्यातून काढली’ या वाक्यात क्रियापदाच्या लगतचे नाम पुल्लिंगी असूनही ‘काढली’ हे रूप दूरच्या पोळीप्रमाणे होते. शेजारी काय येते याची मोजदाद येथे उपयोगाची नाही. वाक्याची घडणच कळावी लागते, आणि चॉम्स्की यांचा भर नेमका त्यावर आहे. प्रत्यय लागलेले नाम सोडून द्यायचे हेही ऐकूनच कळते, असे त्यावर म्हणता येईल, पण लगतचा शब्द ओलांडून पाहावे हे मुलाला मुळात कसे सुचते, याचे उत्तर त्यात मिळत नाही.

तरीही आपण ‘ताईने गणित सोडवलं’ म्हणतो आणि ‘ताई गणित शिकली’ म्हणतो. कर्म दोन्हीकडे तेच. तरी ‘शिकणे’ ‘ने’ घेत नाही. हे कोणी जन्मतः घेऊन येत नाही, ते त्या-त्या क्रियापदासह ऐकावेच लागते. आपला भाचा ‘ताईने गणित शिकलं’ असेही म्हणतो का, हे कधी कानावर पडले तर जरूर कळवावे.